शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला ‘कामगार आणि विश्रांती’ या विषयावर बोलावयास सांगितले. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून मी त्यातला एक लहानसा तुकडा उचलला आहे. एखाद्या स्त्रीने स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घेतली, तर पुढचे सहा आठवडे तिच्या शरीराचे काय होते, तिला काय जमते व काय जमत नाही, आणि तिच्या घरच्यांनी व मालकाने काय समजून घ्यावयास हवे, एवढेच आज सांगणार आहे. विषयाचे नाव ऐकताच मागच्या रांगेत थोडी चुळबुळ झाली. ती होणार हे मला ठाऊक होते. खरे सांगावयाचे तर त्या चुळबुळीसाठीच हा विषय निवडला.

मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. परंतु कामगार संघटनेच्या कामात गेली तीस वर्षे आजारपणाचे दाखले, रजेचे अर्ज आणि कापलेले पगार हेच माझे ग्रंथ आहेत. प्रत्येक आजारामागे एक काम असते आणि त्या कामाला एक वजन असते, हे त्या कागदांनी मला शिकविले. औषध कोणते व किती, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने सांगावयाचे. त्याचा शब्द माझ्या शब्दापेक्षा मोठा, हे धरूनच पुढचे ऐकावे.

ही शस्त्रक्रिया करावी की करू नये, याचा निवाडा मी करणार नाही. कोणाच्या दोन बाजूंत जन्मापासून फार फरक असतो, कोणाचे अंग बाळंतपणांनंतर किंवा वजन उतरल्यावर बदललेले असते, कोणाला आपल्या रूपाविषयी मनात खुपत असते. कर्करोगामुळे स्तन काढावा लागला तर पुनर्रचनेसाठीही बहुधा अशाच पिशव्या वापरतात. पण ती शस्त्रक्रिया अधिक मोठी आणि तिची विश्रांतीही लांबते. कारण कोणतेही असो, त्वचा कापली गेली की ती भरून यावयास तिचा वेळ घेते. जखम कारण विचारीत नाही. मग विश्रांती देणाऱ्यांनी तरी ते का विचारावे?

हे सारे परदेशी थेर आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. इंग्रजांच्या फौजेत गाडी हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्यात वीटभट्टीचा व्यवसाय करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकात ही हकीकत चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या शल्यविद्येला नवी वाट मिळाली. एका कारागिराचे हात आणि एका गाडीवानाचे नाक! या विद्येच्या मुळाशी श्रम करणारी माणसे आहेत, हे विसरून चालणार नाही.

सिलिकोनच्या पिशवीचे स्तनवर्धन मात्र अमेरिकेतले. १९६२ च्या वसंतात ह्यूस्टन शहरातल्या जेफर्सन डेव्हिस या सार्वजनिक रुग्णालयात क्रोनिन आणि गेरो या दोन डॉक्टरांनी ते प्रथम केले. टिमी जीन लिंडसे ही सहा मुलांची आई अंगावरचे गोंदण काढून घ्यावयास तेथे गेली होती. तिला या नव्या शस्त्रक्रियेविषयी विचारले गेले. तिला स्वतःला आपले कान नीट करून हवे होते. डॉक्टरांनी तेही कबूल केले आणि तिने होकार दिला. तेव्हा ही केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली गोष्ट आहे, हा समज पहिल्याच दिवशी खोटा ठरला होता.

आता मुद्द्याकडे वळू. शस्त्रक्रियेत करतात काय? बहुधा पूर्ण भूल देतात. स्तनाखालच्या घडीत, स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला किंवा काखेत लहान छेद घेतात. त्यातून आत जागा करून सिलिकोनची किंवा खारे पाणी भरलेली पिशवी बसवितात. तिला इम्प्लांट म्हणतात. ती एक तर स्तनाच्या ग्रंथीखाली बसते किंवा छातीच्या मोठ्या स्नायूखाली. स्नायूखाली बसविली तर पहिले काही दिवस दुखणे अधिक असते. याचे कारण सोपे आहे. दार ढकलणे, पीठ मळणे, कपडे पिळणे, खोके उचलणे या सर्व कामांत तोच स्नायू ओढला जातो. एक-दोन तासांत काम उरकते आणि पुष्कळ जणी त्याच दिवशी घरी येतात. ‘त्याच दिवशी घरी’ हे शब्द ऐकून घरच्यांना वाटते, काही विशेष झालेले नाही. येथेच पहिली गफलत होते.

पहिल्या चोवीस तासांत तिच्याजवळ एक मोठे, शहाणे माणूस हवे. भुलीचा अंमल पूर्ण उतरलेला नसतो. या काळात वाहन चालवू नये आणि कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर सही करू नये. मळमळ होते, घसा खवखवतो, थंडी वाजल्यासारखे होते. छातीवर कोणी जड धोंडा ठेवावा तसा दाब आणि ताण वाटतो. अंथरुणातून उठताना हातावर भार देता येत नाही. मागे उशा रचून डोके आणि पाठ उंच ठेवून उताणे निजावे. उठताना पाय खाली सोडावेत आणि दुसऱ्याने पाठीला हात द्यावा. दंड धरून ओढू नये.

दुसरा आणि तिसरा दिवस बहुधा सर्वांत कठीण जातो. सूज वाढते, कातडी ताणून चकचकीत दिसते, काळेनिळे डाग पडतात. सकाळी उठल्यावर छाती आवळल्यासारखी वाटते. वेदनेच्या गोळ्या डॉक्टरने दिलेल्या वेळेवर घ्याव्यात. वेदना शिगेला पोहोचेपर्यंत थांबण्यात शौर्य नाही. ॲस्पिरिनसारख्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून घरातल्या डब्यातली जुनी गोळी किंवा शेजारणीने दिलेला काढा डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो. त्यासाठी पाणी, भाज्या, फळे पोटात जावीत.

विश्रांती म्हणजे खाटेला खिळून राहणे नव्हे. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात थोडे थोडे चालावे, पावले वरखाली हलवावीत. निजून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. चालणाऱ्या बाईला पाहून “आता बरी झाली, लाग कामाला” असे मात्र कोणी म्हणू नये. तिचे पाय मोकळे झाले आहेत. हात अजून रजेवर आहेत.

साधारण आठवड्यात दुखणे बरेच उतरते. स्नान केव्हा करावे हे डॉक्टर सांगतो. पुष्कळदा दोन-चार दिवसांतच अंगावर पाणी घेऊ देतात, परंतु जखम भरेपर्यंत हौदात, नदीत किंवा पोहण्याच्या तलावात उतरू नये. आधार देणारी विशेष चोळी, जिला दवाखान्यात सर्जिकल ब्रा म्हणतात, ती सांगितले असेल तितके आठवडे रात्रंदिवस घालावी. पालथे निजणे साधारण सहा आठवडे टाळावे.

आणि या काळात काही चमत्कारिक अनुभव येतात. ते आधी ठाऊक असले म्हणजे जीव घाबरा होत नाही. छातीत मधूनच विजेसारखी चमक जाते. दुखावलेल्या नसा पुन्हा जाग्या होत असतात. हलताना पाण्यासारखा गुळगुळ आवाज येतो. स्तनाग्रे बधिर होतात किंवा उलट कापडाचा स्पर्शही सोसवत नाही. बहुतेकींचे हे काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारते. काही जणींची संवेदना मात्र कायमची बदलते, आणि हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितले गेले पाहिजे. बधिर जागी गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फ ठेवू नये. भाजले तरी कळत नाही.

एक बाजू दुसरीपेक्षा अधिक सुजलेली, एक वर व एक खाली, असेही दिसते. इम्प्लांट सुरुवातीला उंच आणि कठीण भासते; खाली उतरून स्थिर व्हावयास दीड ते तीन महिने, कधी अधिकही लागतात. पहिल्या आठवड्यातल्या आरशाचा निकाल अंतिम मानू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ जणींना रडू येते, “हे मी काय करून बसले” असे वाटते. भूल, गोळ्या, अपुरी झोप आणि सुजलेले अंग यांचा तो एकत्रित परिणाम असतो. त्या वेळी जवळच्या माणसाने उपदेश करू नये, चहा करून द्यावा. उदासी आठवडा-दोन आठवड्यांत ओसरली नाही, तर तेही डॉक्टरला सांगावे.

आता वजनाचे गणित. पहिले काही आठवडे दोन-तीन किलोपेक्षा जड उचलू नये, असा सल्ला सर्वसाधारणपणे देतात. कागदावर हा आकडा निरुपद्रवी दिसतो. तो आपल्या घरात आणून पाहा. पंधरा लिटरच्या हंड्यात पाण्याचेच १५ किलो असतात. वर्षाचे मूल नऊ-दहा किलोचे असते. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसकट ते ओझे तीस किलोच्या घरात जाते. भरलेला कुकर, ओल्या चादरींची बादली, फळीवरचा डबा. यांतले काय दोन किलोत बसते? म्हणजे या आकड्याचा खरा अर्थ असा की, निदान चार आठवडे घरातले पाणी दुसऱ्याने भरावयाचे, धुणे दुसऱ्याने पिळावयाचे आणि मुलाला तिच्या मांडीवर दुसऱ्याने आणून बसवावयाचे. नवरोबांनी हे आपल्या टिपणवहीत लिहून ठेवावे.

कारखान्याचे गणितही असेच आहे. आमच्या संघटनेतल्या एका भगिनीची हकीकत सांगतो. तिचे नाव आणि गाव सांगणार नाही. ती पॅकिंग खात्यात खोकी उचलून रचण्याचे काम करीत असे. काटकसरीने पैसे साठवून तिने ही शस्त्रक्रिया करून घेतली. डॉक्टरने विचारले, “काम काय करता?” ती म्हणाली, “कंपनीत आहे.” डॉक्टरने एक आठवड्याची विश्रांती लिहून दिली. त्याच्या डोळ्यांसमोर टेबल आणि खुर्ची होती. टेबलाच्या कामाला आठवडा-दीड आठवडा पुष्कळदा पुरतो. तिच्यासमोर मात्र दर पाळीत शेकडो खोकी होती. लाजेपायी तिने घरी पोटाची शस्त्रक्रिया म्हणून सांगितले होते आणि कारखान्यात काहीच सांगितले नव्हते. आठव्या दिवशी ती हजर झाली. मुकादमाने दाखला पाहिला, तारीख संपलेली होती, त्याने तिला नेहमीच्या जागी उभे केले. चौथ्या दिवशी टाक्यांजवळची जखम उसवली. पुढे पाच आठवडे घरी बसावे लागले, तेही बिनपगारी.

यात खलनायक शोधू गेले तर सापडणार नाही. डॉक्टर खोटे बोलला नाही, मुकादमाने नियम मोडला नाही, बाईने आळस केला नाही. तिघांच्या मध्ये एक शब्द हरवला होता: वजन. म्हणून मी आमच्या भगिनींना सांगतो की, डॉक्टरकडे जाताना आपले काम आपल्या शब्दांत सांगा. किती किलो उचलता, दिवसातून किती वेळा, हात खांद्याच्या वर किती वेळ असतात, उभ्याने की बसून, कामावर बसने जाता की दुचाकीने, सारे सांगा. दाखल्यावर नुसते ‘विश्रांती’ लिहून घेऊ नका. ‘अमुक तारखेपर्यंत तीन किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये, हात खांद्यावर नेऊन काम करू नये’ असे लिहून घ्या. शस्त्रक्रिया कोणती हे मुकादमाने जाणण्याचे कारण नाही. त्याला कामाची मर्यादा कळली म्हणजे पुरे. अंगमेहनतीच्या कामाला साधारण चार ते सहा आठवडे धरावेत. छाती व हातांवर जोर येईल असा व्यायामही सहा आठवड्यांनंतर, डॉक्टरने तपासल्यावरच. मोटार चालविणे गुंगीच्या गोळ्या बंद झाल्यावर आणि एकाएकी ब्रेक दाबून चाक वळविता येऊ लागल्यावर, म्हणजे बहुधा एक-दोन आठवड्यांनी. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीला त्याहून उशीर.

रजेचा हिशेब शस्त्रक्रियेपूर्वी करावा. १९४८ साली कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला, तेव्हा आजारी कामगाराला दवाखाना हवा आणि हातात रोख पैसाही हवा, हे तत्त्व मान्य झाले. परंतु स्वखुशीच्या शस्त्रक्रियेला पगारी आजारपणाची रजा मिळेलच, असे धरून चालू नये; आधी विचारावे आणि साठलेली हक्काची रजा राखून ठेवावी. आरोग्यविम्याच्या करारांतून सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेची गोष्ट वेगळी. ज्या बाईने शस्त्रक्रियेपुरते पैसे जमविले पण सहा आठवड्यांच्या पगाराचे जमविले नाहीत, तिने अर्धाच खर्च मोजला आहे.

तंबाखूचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विडी-सिगारेटच नव्हे, आमच्या आयाबहिणी दातांना लावतात ती मशेरीसुद्धा यात आली. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि जखमेला रक्त कमी पोहोचते. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर काही आठवडे ती बंद ठेवावयास डॉक्टर सांगतात. मशेरीची सवय डॉक्टरपासून लपविण्यात स्वतःचेच नुकसान आहे.

आता धोक्याच्या खुणा. या घरातल्या प्रत्येकाने पाठ कराव्यात. एक बाजू एकाएकी फुगून दगडासारखी झाली आणि दुखणे वाढत चालले, तर आत रक्त साठत असण्याचा संभव आहे. हे पहिल्या एक-दोन दिवसांत अधिक संभवते. सकाळची वाट न पाहता डॉक्टरला कळवावे. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, पू, दुर्गंध किंवा उघडलेली जखम, या जंतुसंसर्गाच्या खुणा होत. एका पोटरीत दुखणे व सूज, छातीत कळ, दम लागणे, यांपैकी काही झाले तर तडक रुग्णालय गाठावे. गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. “लोक काय म्हणतील” म्हणून अशा वेळी थांबणारे घर त्या बाईचे वैरी समजावे.

शेवटी एका कागदाविषयी. कोणत्या कंपनीचे, कोणत्या क्रमांकाचे इम्प्लांट बसविले, याचे कार्ड मागून घ्यावे आणि शिधापत्रिकेसारखे जपून ठेवावे. फ्रान्समधल्या पी.आय.पी. या कंपनीने वैद्यकीय वापरासाठी मान्यता नसलेले औद्योगिक सिलिकोन इम्प्लांटमध्ये भरले. २०१० साली तो माल बाजारातून काढला गेला आणि २०१३ च्या डिसेंबरात कंपनीच्या संस्थापकाला फ्रान्सच्या न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा सुनावली. तोपर्यंत तो माल अनेक देशांतल्या स्त्रियांच्या अंगात गेला होता. आपल्या अंगात काय आहे, हे ज्यांच्याजवळ कागद होता त्यांना लवकर कळले. इम्प्लांट जन्मभर टिकेल असे नसते. पुढे तपासणी लागते, कधी बदलावेही लागते. त्या दिवशी हे कार्ड उपयोगी पडते.

मित्रहो, आठ तासांचे काम, आठवड्याची सुट्टी, बाळंतपणाची रजा, यांतले काहीही कामगाराला आपोआप मिळालेले नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी उभे राहून, शरीराला विश्रांती लागते, हे चारचौघांत सांगावे लागले. बाळंतपणाच्या रजेलाही एके काळी लोक हसत होते. आज मी ज्या स्त्रीविषयी बोललो तिची अडचण अशी आहे की, तिला आपली विश्रांती मागताना तोंड लपवावे लागते. लपविलेली विश्रांती आठ दिवसांत संपते. जखमेला तर सहा आठवडे हवे असतात. मधल्या पाच आठवड्यांची भरपाई तिचे शरीर करते.

ही भरपाई थांबविणे आपल्या हाती आहे. त्यासाठी कायदा बदलावयास नको, निधी जमवावयास नको. घरात कोणी “मला महिनाभर जड उचलता येणार नाही” असे म्हणाली, तर “का?” हा प्रश्न गिळावा आणि हंडा उचलावा. कारखान्यात कोणी तसा दाखला आणला, तर तिला बसून करावयाचे काम द्यावे आणि मागे कुजबुज होऊ देऊ नये. आमच्या संघटनेने मालकांशी बोलताना ‘शस्त्रक्रियेनंतर हलके काम’ हे कलम मागणीपत्रकात घालावयास सुरुवात केली आहे. त्यात शस्त्रक्रियेचे नाव लिहिण्याची अट आम्ही ठेवलेली नाही, आणि ठेवणारही नाही.